चार दारांची सबब

मराठी मध्यमवर्गीय माणसाला निव्वळ मजेसाठी काही करणं जमत नाही. त्याला सबब लागते. तो गडावर जातो तो तब्येतीसाठी, कोकणात जातो तो कुलदैवतासाठी, आणि हापूसची पेटी घेतो ती पाहुणे यायचेत म्हणून. पाहुणे येईपर्यंत पेटीत पेंढाच उरतो, ही गोष्ट वेगळी. अशा माणसाच्या स्वप्नात दोन दारांची, लालभडक, बसलं की बूड रस्त्याला टेकेल अशी स्पोर्ट्स कार येतच नाही. आलीच, तर आई कुठे बसणार या विचाराने तो दचकून जागा होतो.

त्याच्यासाठी जगात स्पोर्ट्स सेडान नावाची सोय आहे. चार दारं, मागे तिघांची सीट, भाजीपासून बिछान्यांपर्यंत काहीही मावेल अशी डिकी. कोणी विचारलंच तर दाखवायला सगळं आहे. जे दाखवायचं नाही ते बोनेटखाली आहे.

ही चलाखी आपली नाही, इटालियन लोकांची. मिलानची अल्फा रोमिओ युद्धापूर्वी शर्यतीच्या आणि धनिकांच्या गाड्या मोजक्याच बनवायची. युद्धानंतर पोटासाठी जास्त संख्येने गाड्या विकणं भाग पडलं, तेव्हा १९५० साली तिने '१९००' नावाची चार दारांची गाडी काढली. कुटुंबाची गाडी, जी शर्यतीही जिंकते, अशी तिची जाहिरात होती. वाक्यात कुटुंब आधी आणि शर्यत नंतर, हा क्रम ज्याने लावला त्याला संसारी माणसाची नस सापडली होती. पुढे इटलीच्या पोलिसांनीही हीच गाडी घेतली. इंग्लंडात जग्वारने १९५९ साली मार्क टू आणली. आत अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, आणि ३.८ लिटरचं इंजिन. ती प्रतिष्ठित लोकांनी घेतली, दरोडेखोरांनी पळून जाण्यासाठी घेतली, आणि त्यांच्या मागे लागायला पोलिसांनीही घेतली. एकाच गाडीने समाजाच्या इतक्या थरांची सोय क्वचितच केली असेल.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाटी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळत. पण ते हौशी लोकांचं काम. बाकीच्यांची फियाट लग्नाला जायची आणि घाटात पाणी प्यायची. शोरूममध्ये जाऊन, कर्जाचे हप्ते बांधून, आतून चोरून वेगवान असलेली सेडान घ्यायची संधी आपल्याला मिळाली ती १९९८ नंतर. त्या साली लॅन्सर आली. टॉमी मॅकिनेन नावाचा फिनलंडचा गडी १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं त्याच नावाच्या गाडीतून रॅलीचा जगज्जेता होत होता. त्याची गाडी वेगळी आणि आपली वेगळी, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. १९९९ च्या अखेरीस आयकॉन आली. आणि होंडा सिटीला २००० साली व्हीटेक इंजिन मिळालं.

माझ्याकडे आहे ती ही शेवटची. २००१ सालची, चांदीच्या रंगाची, १.५ लिटरची, १०६ अश्वशक्तीची. आज हा आकडा ऐकून कॉलेजातली मुलं जांभई देतील. त्या काळी रस्त्यावर सर्वात जास्त दिसणाऱ्या मारुती ८०० ची ताकद ३७ होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. शिवाय गाडी बुटकी आणि वजनाने हलकी. त्याच सुमारास मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेचे टप्पे खुले होऊ लागले होते. तो पूर्ण झाला २००२ मध्ये. गाडी आणि तिच्या लायकीचा रस्ता एकाच सुमारास मिळण्याचं भाग्य आपल्या देशात फार कमी गाड्यांच्या वाट्याला आलं आहे.

व्हीटेक म्हणजे काय, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. तुम्हीही आता आलाच आहात. इंजिनात झडपा उघडण्यासाठी एक दांडा फिरत असतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर उंचवटे असतात. उंचवट्याच्या आकारावर झडप किती उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार हे ठरतं. गावात, सिग्नलला, मुलांना शाळेत सोडताना सौम्य उंचवटा बरा. इंजिन थरथरत नाही, अ‍ॅव्हरेज मिळतं. इंजिन जोरात फिरू लागलं की मात्र त्याला धाप लागते, तेव्हा मोठा, दांडगा उंचवटा हवा. साध्या गाडीत मधला काहीतरी तडजोडीचा आकार देतात. होंडाच्या लोकांनी दोन्ही ठेवले. ठरावीक फेऱ्या ओलांडल्या की ऑइलच्या दाबाने एक बोटाच्या पेराएवढी पिन सरकते, सुटे रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि झडपांचा कारभार दांडग्याच्या हाती जातो. १९८९ साली त्यांनी ही युक्ती प्रथम इंटेग्रा गाडीत घातली आणि १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती काढली. लिटरमागे शंभर, तेही टर्बोशिवाय.

चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, ऐकू येतं. टॅकोमीटरचा काटा वर चढतो, आणि एका क्षणी इंजिनाचा सूर बदलतो. ऑफिसात वर्षभर मान खाली घालून फाइलींवर शेरे मारणाऱ्या हेडक्लार्कने स्नेहसंमेलनात एकदम नाट्यपदाची तान घ्यावी, तसं काहीतरी होतं. मग गिअर बदलला की हेडक्लार्क पुन्हा खाली मान घालतात.

म्हणजे सबब इथेही आहेच. बाहेरून चार दारांची, आतून दोन स्वभावांची. माझ्यासारख्याला याहून सोयीचं यंत्र मिळणं कठीण होतं.

मिळणं मात्र सोपं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा आहे. 'सिंगल ओनर' म्हणजे कागदावर सिंगल. 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. डॉक्टर हळू चालवतात असं मानायला मी ज्या डॉक्टरांच्या शेजारी बसलो आहे त्यांनी काही आधार दिलेला नाही. 'कंपनी कंडिशन' म्हणजे धुतलेली. 'थोडं काम आहे' म्हणजे ट्रेलर घेऊन या. त्यात ही पिढी २००३ च्या अखेरीस बंद झाली. नंतरची सिटी उंच, ऐसपैस, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेली आणि ७७ अश्वशक्तीची होती. अ‍ॅव्हरेज उत्तम. ज्यांना खरोखरच आई मागे बसवायची होती त्यांनी ती घेतली आणि सुखी झाले. आमच्यासारख्यांनी जुनीची चौकशी सुरू केली, आणि तोवर बऱ्याच जुन्या गाड्यांना कोणी सीएनजी लावलं होतं, कोणी जमिनीला लागेल असा स्पॉइलर.

जी शेवटी घेतली ती नाशिकच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांची. जाताना मी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून खिशात टाकलं होतं. जुनी गाडी पाहायला जाताना ही वस्तू न्यावीच. पत्र्याला चिकटलं तर खाली पत्रा आहे, घसरलं तर पुट्टी भरून वर रंग मारलेला. आमच्या फ्रिजवर अष्टविनायक यात्रेतलं ओझरच्या विघ्नेश्वराचं मॅग्नेट होतं. ते मी बोनेटपासून फिरवत निघालो. बोनेट, दोन्ही फेंडर, पुढची दारं, सगळीकडे विघ्नेश्वर घट्ट. काकांकडे दुर्लक्ष करून मी काचांवरचे साल दाखवणारे बारीक खुणांचे ठिपके वाचत होतो, कारण एखाद्याच काचेवर वेगळं साल असेल तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला आलो आणि विघ्नेश्वर सटकून फरशीवर पडले.

काकांनी ते वाकून उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "रिक्षा. पंचवटीत. दार बदललं नाही, तिथेच ठोकून घेतलं. मी सांगणारच होतो." देवाच्या साक्षीने झालेला कबुलीजबाब असल्याने मी पुढे विचारलं नाही. दाराची काच मूळचीच होती.

मग माझी मुलाखत सुरू झाली. रोज चालवणार का? उघड्यावर उभी राहणार की छपराखाली? थंड इंजिनावर लगेच रेस देता का? सीएनजी तर नाही ना बसवणार? शेवटच्या प्रश्नाला त्यांचा आवाज मुलीच्या बापाचा होता. मग त्यांनी फाइल आणली. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे टाचलेली, आणि सोबत एक लांबट वही. पहिल्या दिवसापासून भरलेल्या पेट्रोलचा हिशोब, लिटर, किलोमीटर, भाव. वहीच्या अलीकडच्या पानांवर नोंदी विरळ होत गेल्या होत्या. काकूंनी पोहे दिले आणि "जातेय एकदाची, अंगण मोकळं होईल," असं म्हणाल्या. निघताना मात्र हळदीकुंकवाचं ताट त्याच घेऊन आल्या. वायपरच्या खाली कुंकवाचं बोट उमटलं ते मी पुढे बरेच दिवस धुवायला दिलं नाही.

आता मिस्त्री. जुन्या गाडीच्या मालकाला डॉक्टर आणि वकील नसला तरी चालेल, मिस्त्री हवा. माझा मिस्त्री मला काका म्हणतो, आणि गाडीबद्दल बोलताना आजी म्हणतो. त्याने पहिल्या तपासणीत निकाल दिला, "इंजिन कडक आहे, काका. रबर सगळं गेलं." वीस वर्षांत रबराचं जे व्हायचं ते होतंच, त्यात कोणाचा दोष नाही. पण एका गाडीत किती रबर असतं याची मला कल्पना नव्हती. दारांच्या बीडिंगा, इंजिनाची माउंटिंगं, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे होज, आणि त्या सुप्रसिद्ध व्हीटेकच्या झडपेखालचं जाळीदार गॅस्केट. ते कडक झालं की तिथून ऑइलचा ओघळ येतो आणि गरम इंजिनावर जळका वास सुटतो. ते हातात घेऊन पाहिलं तर काड्यापेटीएवढं. त्याच्यामागे दोन शनिवार गेले. टायमिंग बेल्ट मात्र त्याने न विचारता बदलला. मागच्या मालकाने बदललाय असं फाइलीत बिल होतं. मिस्त्री म्हणाला, बेल्टला बिल वाचता येत नाही.

एकदा डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोराने आपला स्कॅनर लावायला जागा शोधली, ती सापडेना, तेव्हा त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. माझ्या मिस्त्रीने ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला हात घालून एक छोटा निळा कनेक्टर ओढला, त्याच्या दोन टोकांना वायरचा तुकडा अडकवला आणि इग्निशन चालू केलं. त्या पिढीच्या होंडात अशा वेळी दिवा डोळे मिचकावून बोलतो. लांब मिचकावणं म्हणजे दहा, छोटं म्हणजे एक. तो ओठांत पुटपुटत मोजत होता, मी शेजारी उकिडवा बसून मोजत होतो, आमचे आकडे जुळले. कोणत्या सेन्सरची तक्रार आहे ते कळलं. वायर काढून पाहिली तर उंदराने खाल्लेली. आमच्या सोसायटीतल्या उंदरांना आधुनिक गाड्यांचं वावडं आहे की काय देव जाणे. शेजारची नवी एसयूव्ही त्यांनी सोडून दिली होती.

सुटे भाग शोधणं हा स्वतंत्र छंद आहे आणि तो महिनाअखेरीस फार रंगतो. काही अजून नवे मिळतात, काही थायलंडहून कोणीतरी आणतं, बाकीच्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. ज्या कुर्ल्यात फियाटी जन्मल्या तिथेच आज साऱ्या देशाच्या गाड्या सुट्या होऊन पडलेल्या असतात. टेललाइटच्या भिंती, आरशांची तोरणं, दारांच्या गड्ड्या. दुकानदार मान वर न करता विचारतो, "टाइप वन का टाइप टू?" या प्रश्नाचं उत्तर फाडकन देता येणं हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सामाजिक यशांपैकी एक आहे. पुण्यात रविवारी जुन्या बाजारातही चक्कर होते. तिथे हवी ती वस्तू मिळत नाही. पितळी अडकित्ता मिळतो.

आणि हे सगळं कशासाठी? तर पौडच्या पुढे, मुळशीचं पाणी मागे पडल्यावर, ताम्हिणीच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये जाण्यासाठी. वेग फार नसतो तिथे. कायद्यात बसेल एवढाच. जुन्या गाडीची गंमत ही की कायद्यात बसणाऱ्या वेगालाही ती पुष्कळ काही सांगते. स्टिअरिंगमधून रस्त्याची प्रत कळते, कुठे नवीन डांबर, कुठे पावसाने उघडी पडलेली खडी. बसायची जागा खाली असल्याने पन्नासला सत्तर वाटतात. नव्या गाडीत शंभरला झोप येते. मला वाटतं लोक जुन्या गाड्यांत वेग शोधत नाहीत, तो आताच्या कुठल्याही डिझेल जीपमध्ये जास्त मिळेल. वेग जाणवण्याची जी क्षमता नव्या गाड्यांनी मन लावून काढून टाकली आहे, ती शोधतात.

खाली बसण्याची किंमत गतिरोधकावर चुकवावी लागते. आपल्याकडे गतिरोधक बांधणाऱ्याची कल्पनाशक्ती हेच त्याचं मोजमाप. मागे माणसं असतील तर गाडी तिरकी घालावी लागते, एक चाक, मग दुसरं, मग पोटाखालून तो खर्रकन आवाज. तो आवाज झाला की गाडीतले सगळे एका सुरात श्वास आत ओढतात, जणू त्याने वजन कमी होणार आहे. आमच्या मातोश्री अशा वेळी स्वतःहून म्हणतात, "मी उतरते बाई." म्हणजे ज्या मागच्या सीटच्या नावाखाली गाडी घेतली, ती सीट भरली की गाडी चालत नाही.

सबब तशीही झिजत चालली आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला पूर्वी ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १० हजार. पर्यावरण कर वेगळा. नवी सुरक्षित नंबरप्लेट लावून घ्यायची ती वेगळी. दिल्लीत असती तर पंधराव्या वर्षीच तिला राज्याबाहेर काढावं लागलं असतं. उलट पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला सरकार व्हिंटेज म्हणतं, 'व्हीए' अक्षरांची सन्मानाची पाटी देतं. माझ्या गाडीला तो मान २०५१ साली मिळू शकेल. मी नियम मुळातून वाचला. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. म्हणजे जिवंत राहिलो तर पंच्याण्णवाव्या वर्षी माझ्याकडे सरकारच्या शिक्क्यानिशी सिद्ध झालेली निव्वळ मजेची वस्तू असेल. पन्नाशीच्या अलीकडे मात्र ती भंगार आणि वारसा यांच्या मधल्या गल्लीत उभी आहे, आणि तिथे पार्किंगचे दर चढे आहेत.

त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी, आणि २००१ सालच्या रबराला कोणी विचारून ते केलेलं नाही. अ‍ॅव्हरेज उतरलं, काकांच्या वहीत मी प्रामाणिकपणे लिहिलं. हे दुःख मी वाळव्याच्या मामेभावाला सांगितलं. त्याची सहा एकर ऊसशेती. तो म्हणाला, "म्हणजे आमचा ऊस तुज्या गाडीला पचंना म्हणतोस? दोन पिढ्या आमच्या गूळ-काकवीवर वाढलास की." मी विषय बदलला. इंधनाचे पाइप मात्र मिस्त्रीने गुपचूप बदलून दिले.

सोसायटीत अधूनमधून कोणीतरी मायेने विचारतं, अजून हीच का, नवी का घेत नाही? पूर्वी मी उत्तरं देत असे. डिकी मोठी आहे, इंजिन टिकाऊ आहे, हल्लीच्या गाड्यांचा पत्रा पाहिलात का. आता या कारणांवर माझाही विश्वास बसत नाही. घरच्यांचा कधीच नव्हता. तरी सवय जात नाही. घाटात जायचं असलं की मी म्हणतो, मावळ-मुळशीकडचा आंबेमोहोर आणायला हवा, पुण्यातल्या दुकानात खात्रीचा मिळत नाही. हे खोटं नाही. तांदूळ खरोखर चांगला असतो, आणि ताम्हिणी तिथून पुढे थोडीच लांब आहे. आमच्याकडे सध्या दोन डबे, एक पिंप आणि कपाटाचा खालचा खण आंबेमोहोराने भरलेला आहे. बायकोने परवा तांदळाला बोरिक पावडर लावताना सगळे डबे एकदा पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, तांदूळ आता पुरे. नाचणी मात्र संपत आलीय, आणि ती महाबळेश्वराकडे चांगली मिळते म्हणतात. आंबेनळीच्या घाटाने गेलो तर तिलाही यायचंय. आई येणार नाहीत, गतिरोधक फार आहेत.